दुचाकीच्या स्कॅनरची वर्गणी

भोर आणि वेल्हे हे पुणें जिल्ह्याचे दोन तालुके सह्याद्रीच्या कुशींत वसलेले आहेत. भोर म्हटलें म्हणजे पंतसचिवांचें जुनें संस्थान आणि भाटघरचें धरण आठवतें. वेल्हे म्हटलें म्हणजे तोरणा आणि राजगड हे किल्ले डोळ्यांपुढें उभे राहतात. वेल्हे तालुक्यास 'राजगड' हें नांव देण्याचें राज्याच्या मंत्रिमंडळानें २०२४ सालीं ठरविलें, तें याच नात्यानें. परंतु या मुलखांत जे बारा महिने राहतात, त्यांच्या जिव्हाळ्याची वस्तु किल्ला नसून मोटारसायकल होय. हिर्डोशीकडचा शिक्षक शाळेस जातो तो तिच्यावरून, केळदकडचा शेतकरी दूध घालावयास येतो तो तिच्यावरून, आणि रात्रीं-अपरात्रीं दुखणेकऱ्यास डॉक्टरकडे न्यावयाचें तेंही पुष्कळदां तिच्यावरूनच. एस. टी. गांवोगांव जाते हें खरें. पण ती चुकली म्हणजे दिवस चुकला.

अशा ठिकाणीं गाडी बंद पडली तर ती कशामुळें बंद पडली हें समजण्यास पूर्वीं जाणत्या मेकॅनिकचा कान आणि हात पुरे होत असत. आतां त्यांच्या जोडीला एक लहानसें यंत्र लागतें. गॅरेजांतून त्याला 'स्कॅनर' म्हणतात. हें यंत्र एकदां विकत घेऊन भागत नाहीं. त्याच्या आंतील सॉफ्टवेअर वरचेवर अद्ययावत करून घ्यावें लागतें, आणि त्यासाठीं बहुधा दरसाल पैसे भरावे लागतात. ही वर्गणी घेणें न्याय्य आहे काय? असल्यास किती, आणि ती न भरल्यास काय व्हावें? हा प्रश्न वरवर पाहतां मेकॅनिकचा व स्कॅनर विकणाऱ्या कंपनीचा वाटतो. परंतु त्याचा शेवटचा आंकडा तुमच्या-आमच्या घरच्या जमाखर्चाच्या वहींतच मांडला जातो. म्हणून त्याचा थोडा खोलांत जाऊन विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गाडींत काय बदललें?

जुन्या मोटारसायकलींत पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण करण्याचें काम कार्ब्युरेटर करी. त्यांत कचरा अडकला तर तो उघडून फुंकर मारावी, प्लग घांसावा, पाइंट नीट करावा, इतक्यानें निम्म्याअधिक तक्रारी मिटत. रोग डोळ्यांना दिसत असे. पुढें शहरांतील हवा विषारी होऊं लागली आणि धुरावर निर्बंध घालणें भाग पडलें. 'बी. एस.-४' या मर्यादेची दुचाकी नसेल तर ती १ एप्रिल २०१७ पासून विकतां येणार नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला. आणि १ एप्रिल २०२० पासून 'बी. एस.-६' ही त्याहून कडक मर्यादा लागू झाली. ही मर्यादा सांभाळावयाची म्हणजे पेट्रोलचा थेंब न् थेंब मोजून दिला पाहिजे. तेव्हां बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागीं इंजेक्शनची पद्धति आली. या साऱ्या कसोट्यांशीं पुण्याचा संबंध जवळचा आहे. मोटारगाड्यांच्या परीक्षा घेणारी 'ए. आर. ए. आय.' ही संस्था १९६६ पासून पुण्यांत आहे, आणि वेताळटेकडीच्या एका भागास पुणेकर तिच्याच नांवानें ओळखतात.

इंजेक्शनच्या गाडींत एक लहानशी पेटी असते. तिला ई. सी. यू. म्हणतात, गाडीचा कारकून म्हटलें तरी चालेल. इंजिन किती तापलें, आंत येणाऱ्या हवेचा दाब किती, थ्रॉटल किती उघडा, क्रँक कोणत्या स्थितींत, धुरांत प्राणवायु किती उरला, ही सारी खबर निरनिराळे सेन्सर या कारकुनाकडे क्षणोक्षणीं पोंचवितात. तो हिशेब करतो, आणि इंजेक्टरनें किती वेळ उघडें राहावें याचा हुकूम सोडतो. एखाद्या सेन्सरकडून खबर आली नाहीं, किंवा असंभाव्य खबर आली, तर तो आपल्या वहींत दोषांक टिपून ठेवतो आणि समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लावतो. शिवाय १२५ सी. सी. वरील सर्व नव्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून ए. बी. एस. ब्रेक सक्तीचा झाला. त्याचा कारकून आणखी वेगळा. दोष ओळखून नोंदविण्याची ही व्यवस्था कायद्यानें २०२३ च्या व पुन्हां २०२५ च्या एप्रिलपासून अधिकाधिक कडक केली आहे.

ही कारकुनाची वही वाचण्याचें साधन म्हणजे स्कॅनर. सीटखालीं किंवा बाजूच्या झांकणाआड एक जोडमुख असतें, त्यांत स्कॅनरची तार लावली कीं वही उघडते. कांहीं गाड्यांची वही स्कॅनरशिवायही वाचतां येते. होंडाच्या कित्येक गाड्यांत सांगितलेल्या दोन तारा जोडल्या म्हणजे पट्टीवरचा दिवा लघु-गुरु मात्रांनीं उघडझांप करूं लागतो. लांब उघडझांपेचे दहा, आंखूड उघडझांपेचा एक, असे मोजावयाचे. सात आले तर तपमानाचा सेन्सर, आठ आले तर थ्रॉटलचा, बारा आले तर इंजेक्टर. वृत्तांच्या मात्रा मोजण्याची ज्यांना संवय आहे त्यांना हें मुळींच जड जाणार नाहीं! परंतु ही सोय सर्वत्र नाहीं. शिवाय ए. बी. एस. च्या नळ्यांतील हवा काढणें, नवा भाग बसविल्यावर त्याची कारकुनाशीं ओळख करून देणें, सर्व्हिसची सूचना पुसणें अशीं कामें पुष्कळ गाड्यांत स्कॅनरवांचून होत नाहींत.

वर्गणीचे तीन प्रकार

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. स्कॅनर विकणारी कंपनी दरसाल पैसे मागते तें कशासाठीं? 'अपडेट' हा एकच शब्द सर्रास वापरला जातो, आणि त्यामुळेंच घोटाळा होतो. आमच्या मतें या एका शब्दाच्या पोटीं तीन अगदीं निराळ्या वस्तु आहेत, आणि त्यांचा न्यायही निराळा आहे.

पहिली वस्तु म्हणजे नव्या गाड्यांची माहिती. दरवर्षीं बाजारांत नव्या मोटारसायकली येतात. प्रत्येकीचा कारकून निराळा, त्याच्या खाजगी खुणा निराळ्या. त्या समजून घेऊन स्कॅनरमध्यें घालण्यास शिकलेलीं माणसें लागतात, गाड्या मिळवाव्या लागतात, वेळ लागतो. हें काम पंचांगासारखें आहे. आपण दर पाडव्यास नवें पंचांग घेतों तेव्हां 'गेल्या सालीं तर घेतलें होतें' अशी कुरकुर करीत नाहीं. कारण आकाश थांबत नाहीं आणि गणित करणाऱ्याला दरसाल नवें गणित करावें लागतें. तेव्हां नव्या गाड्यांच्या माहितीसाठीं वर्गणी देणें हें योग्यच आहे. ती कोणास नको असेल तर त्यानें घेऊं नये. जुन्या गाड्याच ज्याच्याकडे येतात त्याला नव्या पंचांगाची घाई नाहीं.

दुसरी वस्तु म्हणजे चुकांची दुरुस्ती. स्कॅनर एखाद्या गाडीचा दोषांक चुकीचा दाखवितो, किंवा पुसला म्हणून सांगतो आणि पुसलेला नसतो. ही चूक करणाऱ्यानें सुधारून दिली पाहिजे. पुस्तकांत छापण्याचे दोष राहिले तर प्रकाशक शेवटीं शुद्धिपत्र जोडतो. त्या शुद्धिपत्राची किंमत निराळी मागितल्याचें कोणीं ऐकलें आहे काय? जी वस्तु विकली ती सांगितल्याप्रमाणें चालावी, एवढें तर मूळ किंमतींतच आलें. चुकांची दुरुस्ती नव्या गाड्यांच्या माहितीच्या गांठोड्यांत बांधून दोहोंचे मिळून पैसे घेणें, हा सरळ व्यवहार नव्हे.

तिसरी वस्तु सर्वांत विचार करण्यासारखी आहे. कांहीं यंत्रांत अशी योजना असते कीं, वर्षाची मुदत संपली आणि पैसे भरले नाहींत, तर नवी माहिती मिळत नाहीं एवढेंच नव्हे, तर काल जें काम होत होतें तेंही आज होत नाहीं. यंत्र तेंच, गाडी तीच, दोष तोच. परंतु कुलूप पडलें. येथें पैसे अपडेटचे नसून परवानगीचे आहेत. मासिकाची वर्गणी संपली तर नवा अंक येणें बंद होतें, आणि त्यांत कोणाचा अन्याय नाहीं. पण मासिकाच्या कचेरींतला मनुष्य घरीं येऊन कपाटांतले गेल्या वर्षाचे बारा अंकही उचलून नेऊं लागला तर आपण काय म्हणूं? नवें पंचांग न घेतल्यानें गेल्या सालचें पंचांग कांहीं कोरें होत नाहीं. जुनी तिथि शोधावयाची झाली तर तें उघडून पाहतां येतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत हेंच आहे: नव्यासाठीं पैसे घ्यावे, चुकीसाठीं घेऊं नयेत, आणि एकदां विकलेलें काढून घेऊं नये. कोणास यंत्र भाड्यानेंच द्यावयाचें असेल तर त्यानें तसें खुशाल द्यावें. परंतु मग पहिल्या दिवशीं भाडें म्हणून सांगावें आणि भाड्याइतकेच पैसे घ्यावे. विकत म्हणून किंमत घ्यावी आणि भाड्यासारखी मुदत लावावी, हा व्यवहार दोन्हीकडून खाण्याचा झाला.

जुना हिशेब, नवा हिशेब

वार्षिक मोबदल्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. गांवचा लोहार आणि सुतार वर्षभर कुणब्याचा नांगर, कुळव आणि गाडा दुरुस्त करीत, आणि सुगींत खळ्यावर आपलें बलुतें नेत. प्रत्येक खेपेस पैसे मोजण्याचें कारण नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत या पद्धतीची छाननी केली आहे, आणि तिचे दोषही लपविलेले नाहींत. कामाचा कस न पाहतां हक्काचा वांटा मागण्याची वृत्ति हा त्यांतला मोठा दोष. तो ध्यानांत ठेवूनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे कीं, बलुतें राहिलें म्हणून लोहार नांगराचा फाळ मंत्रानें बोथट करूं शकत नव्हता. नांगर कुणब्याचाच असे. शिवाय लोहार गांवांतच राही. काम वाईट झालें तर चार माणसांसमोर त्याला विचारतां येई. आज गॅरेजवाला दूरच्या कंपनीस बलुतें देतो, आणि त्याची तक्रार ऐकावयास समोर कोणी नसतें.

ही वर्गणी डोंगरांतल्या गॅरेजवर कशी पडते हें पाहण्यासाठीं केवळ हिशेबापुरते कांहीं आंकडे धरूं. समजा, एका स्कॅनरची किंमत ३०,००० रुपये आहे. त्यांत पहिल्या वर्षाचें अपडेट आलें, आणि पुढें दरसाल ८,००० रुपये भरावयाचे. पांच वर्षांत मूळ किंमत अधिक चार वर्षांची वर्गणी मिळून ६२,००० रुपये झाले. पुण्यांतील एखाद्या गजबजलेल्या गॅरेजांत महिन्याला ६० गाड्या स्कॅनरला लागतात असें धरलें, तर पांच वर्षांत ३,६०० गाड्या होतात आणि दर गाडीस सुमारें १७ रुपये पडतात. वेल्ह्यांतील गॅरेजांत महिन्याला ८ गाड्या धरल्या, तर पांच वर्षांत ४८० गाड्या होतात आणि दर गाडीस सुमारें १२९ रुपये पडतात. म्हणजे वर्गणी दोघांस सारखी, पण ओझें साडेसात पट! आणि गिऱ्हाईक कोठचें अधिक पैसेवाले, हें काय सांगावयास पाहिजे?

यावर कोणी म्हणेल कीं, मग वेल्ह्याच्या मेकॅनिकनें स्कॅनर ठेवूंच नये. गाडी पुण्यास न्यावी. वेल्ह्याहून पुणें साठ किलोमीटरांच्या आसपास. बंद पडलेली गाडी टेम्पोंत घालावयाची, तिच्याबरोबर एक दिवस जावयाचें, कदाचित् दुसऱ्या दिवशीं आणावयास पुन्हां जावयाचें. टेम्पोचें भाडें आणि बुडालेली मजुरी मिळून १२९ रुपयांच्या कितीतरी पट खर्च होतो. त्यांतून हा सारा पट्टा मुसळधार पावसाचा. जोडमुखांत पाणी शिरतें, तांब्याच्या पिना हिरव्या पडतात, गोठ्याशेजारीं उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात. गाड्यांना विजेचे दोष येथें शहरापेक्षां कमी होतील असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. आणि ज्या गांवाचा मेकॅनिक नव्या गाड्या दुरुस्त करूं शकत नाहीं, त्या गांवचा तो धंदाच हळूहळू बसतो. मग हाताशीं कलेचा असा तरुण पुण्याच्या वाटेस लागतो, आणि मागें राहिलेल्यांस प्लग बदलण्यासही पुणेंच गांठावें लागतें.

इतरांनीं काय केलें?

हा वाद केवळ आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत २०१२ च्या नोव्हेंबरांत मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काविषयीं सार्वमत घेतलें, तेव्हां शेंकडा ८६ मतें हक्काच्या बाजूनें पडलीं. दुरुस्तीची माहिती व साधनें कंपनीनें आपल्या अधिकृत दुकानांप्रमाणेंच स्वतंत्र कारागिरांसही वाजवी दरानें द्यावीं, हें त्याचें सार. युरोपीय संघानें २०१३ सालीं दुचाकी व तिचाकी गाड्यांसाठीं केलेला १६८ क्रमांकाचा नियम आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. दुरुस्तीच्या माहितीसाठीं कंपनीनें शुल्क घ्यावें, पण तें वाजवी आणि प्रमाणशीर असावें, आणि माहिती वर्षासाठींच नव्हे तर महिन्यासाठीं आणि एका दिवसासाठींही घेतां यावी, दरही त्या मानानें असावा, असें त्यांत सांगितलें आहे. वेल्ह्याच्या गॅरेजला हवें तें नेमकें हेंच! महिन्यांतून एखादी नवी गाडी आली, त्या दिवसापुरते पैसे भरले, काम केलें, गिऱ्हाइकाच्या बिलांत ते लावले. वर्षभराचें ओझें डोक्यावर नाहीं.

आपल्या देशांत भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं एक महत्त्वाचा निकाल दिला. चौदा मोटार-कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याचीं साधनें स्वतंत्र गॅरेजांस मिळूं देत नाहींत, ही तक्रार आयोगानें खरी ठरविली आणि सर्व मिळून सुमारें २,५४५ कोटि रुपयांचा दंड ठोठावला. भाग आणि साधनें खुल्या बाजारांत सहज मिळतील अशी व्यवस्था करण्याचाही हुकूम झाला. पुढें अपिलें झालीं. अपिलीय न्यायाधिकरणानें २०१६ सालीं तीन कंपन्यांच्या दंडाची मोजणी बदलली, पण दोष मान्यच केला. हा निकाल मोटारींचा होता, मोटारसायकलींचा नव्हे. तरी त्यामागचें तत्त्व दोन चाकांस लागू पडूं नये असें कांहीं नाहीं. नंतर २०२२ च्या जुलैंत केंद्राच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली. शेतीचीं अवजारें, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तु आणि मोटारगाड्या हीं चार क्षेत्रें तिच्यापुढें होतीं. त्याच वर्षीं २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनीं, या हक्काचें एक सरकारी पोर्टलही सुरू झालें. समिती आणि पोर्टल म्हणजे कायदा नव्हे हें खरें. परंतु दुरुस्तीची माहिती ही कंपनीची मेहेरबानी नसून ग्राहकाच्या मालकीचा एक भाग आहे, हा विचार सरकारदरबारीं पोंचला, हेंही थोडें नव्हे.

चोरीचा मार्ग

वर्गणी डोईजड झाली कीं बाजारांत कुलूप तोडलेलीं सॉफ्टवेअरें येतात. शेंपन्नास रुपयांत कोणी पेनड्राइव्ह देतो आणि 'आयुष्यभर चालेल' म्हणून सांगतो. हा मार्ग आम्ही कोणासही सुचविणार नाहीं. एक तर ती दुसऱ्याच्या श्रमाची चोरी आहे. कंपनी वाजवीपेक्षां अधिक मागते म्हणून फुकट घेण्याचा हक्क उत्पन्न होत नाहीं. वाण्यानें दर चढविले तर त्याची गोण उचलून आणतां येत नाहीं. दुसरें असें कीं, यांत धोका गिऱ्हाइकाच्या गाडीला आहे. ई. सी. यू. वर नवें लिहितांना तें सॉफ्टवेअर मध्येंच अडखळलें तर कारकुनाची वही जन्माची बिघडते, आणि नव्या पेटीचा खर्च हजारोंच्या घरांत जातो. तो कोणीं भरावयाचा? ब्रेकच्या कारकुनाशीं असा खेळ करणें तर जिवावरचें आहे.

कोणीं काय करावें?

नुसती तक्रार करून थांबणें आम्हांस पसंत नाहीं. म्हणून कांहीं सूचना करतों.

गॅरेजवाल्या मंडळींनीं स्कॅनर घेण्यापूर्वीं तीन प्रश्न कागदावर विचारावे आणि उत्तरेंही कागदावर घ्यावीं. मुदत संपल्यावर यंत्र काय काय करील? चुकांची दुरुस्ती किती वर्षें फुकट मिळेल? मध्यें दोन वर्षें वर्गणी न भरतां तिसऱ्या वर्षीं भरली तर मागची बाकी मागणार काय? या तीन उत्तरांवरून किंमतीपेक्षां अधिक कळतें. शिवाय कायद्यानें नोंदविणें भाग पाडलेल्या दोषांकांची भाषा बहुतांशीं सर्व कंपन्यांची सारखी असते. तेवढी वाचणारें साधें यंत्र पुष्कळ स्वस्त मिळतें, आणि त्याला दरसालच्या अपडेटची फारशी गरज पडत नाहीं. ज्याचें काम थोडें, त्यानें आरंभ तेथून करावा.

महागडा स्कॅनर मात्र भागींत घ्यावा. नसरापूर, विंझर आणि वेल्हे हीं गांवें एकाच रस्त्यावर आहेत. वरच्या हिशेबांतलीं अशीं तीन गॅरेजें एक झालीं, तर दर गाडीस पडणारे १२९ रुपये ४३ वर येतात. सहकारानें साखरेचे कारखाने उभे करणाऱ्या महाराष्ट्रास एका हातांत मावणारें यंत्र सहकारानें घेतां येऊं नये काय? मात्र यंत्र एकाहून अधिक दुकानांत वापरण्यास कंपनीची परवानगी आहे कीं नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत असा स्कॅनर ठेवून, शिकणाऱ्या मुलांच्या देखत गांवच्या मेकॅनिकांना तो माफक दरानें वापरूं दिला, तर शिक्षण आणि सेवा दोन्ही साधतील.

आतां आपण, म्हणजे गाडीचे मालक. आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत अशी कीं, मेकॅनिकनें कांहीं बदललें तर पैसे द्यावयाचे. नुसतें पाहिलें तर कसले पैसे? ही समजूत टाकली पाहिजे. वैद्याला नाडी पाहण्याचे पैसे आपण देतोंच. मेकॅनिकनें स्कॅनर लावून दोष शोधला, तर त्या तपासणीचे शे-दीडशे रुपये घासाघीस न करतां द्यावे. त्यांतूनच त्याची वर्गणी निघते. तसें न केल्यास तो बिचारा ते पैसे नको असलेला भाग बदलून वसूल करील, आणि तें आपल्याला अधिक महाग पडेल.

परंतु स्कॅनरला देवऋषीही समजूं नये. थर्मामीटर ताप सांगतो, रोग सांगत नाहीं. तसा दोषांक कोणत्या मार्गांत बिघाड आहे तें सांगतो, कोणती वस्तु बिघडली तें सांगत नाहीं. प्राणवायूच्या सेन्सरचा दोषांक आला म्हणून लगेच नवा सेन्सर घालूं नये. उंदरानें तार तोडली असेल. बॅटरी उतरलेली असली तर कारकून भलभलते दोष नोंदवितो. चांगली भरलेली बॅटरी, गाडी बंद असतां, साडेबारा व्होल्टांच्या वर दाखविते. तेव्हां आधीं बॅटरी, मग फ्यूज, मग जोडमुखें, आणि शेवटीं सुटा भाग, असा क्रम ठेवण्यास मेकॅनिकास सांगावें. दोषांक कागदावर लिहून तारखेसह गाडीच्या कागदांत ठेवावा. पुढच्या खेपेस दुसऱ्या मेकॅनिकला तीच वाट पुन्हां चालावी लागत नाहीं. चावी फिरवितांच पिवळा दिवा लागून थोड्या वेळानें मालवतो, ती त्याची रीतच आहे. गाडी चालूं झाल्यावरही तो राहिला तर मात्र आळस करूं नये. आणि गाडी धुतांना जोराच्या पाण्याची धार तारांच्या गुंडाळ्यांवर मारूं नये, ही सूचना घरच्या मुलांना अवश्य द्यावी.

शेवटीं एक शब्द यंत्रें करणाऱ्यांस आणि कायदे करणाऱ्यांस. दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची अशी तिन्ही प्रकारची वर्गणी ठेवणें कंपनीस अशक्य नाहीं; मोबाइलवर बोलण्याच्या बाबतींत आपल्या देशांत लहान रिचार्जची पद्धत खेड्यापाड्यांत रुजली आहे, आणि त्या धंद्यांत कंपन्या बुडाल्या त्या कांहीं लहान रिचार्जनें बुडाल्या नाहींत. कायद्यानें इतकें पाहावें कीं, विकत घेतलेल्या यंत्रानें विकत घेतल्या दिवशींचें काम शेवटपर्यंत करावें. बाकीचा सौदा दोघांनीं आपसांत करावा.

आपण ज्याचे पैसे दिले ती वस्तु आपली झाली, हा समज आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पितळेचें भांडें, शिवणाचें यंत्र, सायकल, सारें याच समजुतीवर घरांत आलें आणि नातवंडांपर्यंत पोंचलें. ज्या वस्तूंत सॉफ्टवेअर आहे त्यांच्यापुरता हा समज बदलावा लागेल, असें कोणी सांगूं लागलें तर तें निमूटपणें ऐकून घेऊं नये. नव्या ज्ञानाचा मोबदला आपण आनंदानें देऊं. परंतु तोरण्याच्या पायथ्याशीं भर पावसांत उभ्या असलेल्या मेकॅनिकच्या हातांतलें यंत्र, केवळ तारीख उलटली म्हणून, आंधळें होतां कामा नये.